हिराकाकूंची शिकवणी

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आरसे, फण्या, फार तर वाट्या लुटतात. आमच्या घरमालकीण हिराकाकू स्टोव्हचे वायसर लुटायच्या. तिळगुळाबरोबर हातावर चामड्याची ती चकती पडली की नव्या भाडेकरणी गोंधळायच्या. "आरशानं पंप भरतो काय?" असं विचारून काकू पुढच्या बाईला कुंकू लावायला वळायच्या.

तारापूरला अणुवीजकेंद्राचं बांधकाम सुरू होतं. बाबांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही नाशिक सोडून बोईसरला काकूंच्या दोन खोल्यांत आलो. काका वैतरण्याला रेल्वेत होते, आठवड्याच्या सुट्टीलाच घरी यायचे. उरलेले सहा दिवस चौथी शिकलेल्या काकू आळीतले स्टोव्ह, कुलपं, शिवणयंत्रं दुरुस्त करत. अट एकच होती. बिघडलेली वस्तू घरातल्या मुलीनंच आणायची. ती आली की काकू तिच्या हातात पाना देत आणि स्वतः विड्याचं पान लावत बसत. "खोल तू. मी हाय ना बसलेली."

समोरच्या सुमनला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा पोह्यांच्या मध्येच स्टोव्ह विझला. मदतीला आलेल्या काकूंनी तो उचलून थेट बैठकीत आणला आणि सुमनला पाहुण्यांसमोर पंप उघडायला लावला. बर्नर धरायला नवरदेव. त्याच्या आईचा चेहरा बघवत नव्हता. तरीही लग्न जमलं. काकूंच्या मते पोरीचे काळे झालेले हात बघूनच जमलं.

मी त्यांच्या हिशेबात नापास होते. कॉन्व्हेंटात शिकलेली, भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पण अनोळखी माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा बाबांनी शांतपणे सांगितलं, ही एक संधी बघू. नाही जमलं तर सांगलीच्या स्थळाला होकार कळवू. मी मान डोलावली. मान मला छान डोलावता यायची.

आईनं ही गोष्ट काकूंना सांगितली. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी काकू काकांचा रेल्वेचा कोट चढवून ओटीवर साहेब होऊन बसू लागल्या. मी समोर उभी.

"वीज कशी होते, सांग."

मी इंग्रजीत व्याख्या म्हटली.

"ते साहेबाला म्हाईत हाय. मला सांग."

मग मी अडखळत मराठीत सुरुवात केली. अणू फुटतो, उष्णता निघते, पाण्याची वाफ होते, वाफ मोठं चाक फिरवते, चाक फिरलं की वीज. काकू प्रत्येक पायरीला अडवायच्या. वाफ चाकावरच कशी जाते, भलतीकडं का नाय? अणू फुटतो तर मग आवाज कसा नाय येत? मी चिडायचे, पुन्हा सांगायचे, आणि दर वाक्यामागे विचारायचे, "समजलं ना, काकू?" पंधरा दिवस हे चाललं. शेवटी शेवटी तर मी हातवारे करून बोलू लागले होते.

मुलाखतीला तीन साहेब होते. पहिल्याच इंग्रजी प्रश्नाला माझी जीभ टाळूला चिकटली. मधले टक्कल पडलेले साहेब मराठीत म्हणाले, "असं करा, घरी कुणाला सांगाल तसं सांगा."

मी सांगितलं. अणूपासून चाकापर्यंत, न थांबता, हातवारे करून. आणि शेवटी त्या साहेबांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "समजलं ना, काकू?"

शेजारच्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. टक्कलवाले साहेब गंभीरपणे म्हणाले, "समजलं."

निवडीचं पत्र आलं. वर्षभर मुंबईत शिकायला जायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी मी काकूंना लाजत लाजत तो किस्सा सांगितला. आईपासूनही तो लपवला होता. वाटलं, काकू खो खो हसतील.

त्या हसल्या नाहीत. "साहेबासमोर माझं नाव घेतलंस?" त्यांनी विचारलं. आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

"लोक मोडलेलं आणून देतात, नीट झालं की नेतात," त्या म्हणाल्या. "मला काय तरी समजावून सांगणारी तू पयलीच, बाय."

त्या जरा सरकल्या आणि शेजारी जागा केली.

"जायच्या आधी येक डाव परत सांग. हळू सांग."

मी ओटीवर त्यांच्या शेजारी बसले आणि अणूपासून सुरुवात केली. काकू समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. वाफ चाकाशी पोचायच्या आधीच त्यांचे ओठ माझे पुढचे शब्द पुटपुटत होते.