न जुळलेला ठसा

सुमनमावशींच्या लक्षात माणसांचे चेहरे राहत नाहीत, बोटं राहतात. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा शेजारीण म्हणून त्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या. बशी द्यायचं सोडून त्यांनी मुलाचा हातच खिडकीच्या उजेडात ओढला. मुलाची आई खूश. "भविष्य बघता व्हय? काय म्हणतंय?"

"भविष्य कुठलं? अंगठ्यावर चक्र हाय. लय झ्याक."

सोयरीक जमली. लग्नात मात्र मावशींनी नवरदेवाला ओळखलंच नाही. त्यानं हात पुढे केला, तेव्हा म्हणाल्या, "आवं, तुमीच व्हय!"

मावशी मूळच्या कवठे महांकाळच्या. पोलिसांच्या ठसे विभागात लागल्या, लग्न राहून गेलं, आणि साताऱ्यात आमच्या शेजारी दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. पाण्याचा पेला काठाला दोन बोटांनी धरायच्या. माझी आई वैतागायची, "सुमन, आमच्या पेल्याला काटे आहेत का गं?"

मग कचेरीत ठसे जुळवणारं मशीन आलं. मावशींना ते आवडलं. "हजारो ठशांतनं सारखे दिसणारे काढून देतंय. पर मशीननं स्थळं सुचवायची, लगीन माणसानंच ठरवायचं." हे त्यांनी गॅस सिलिंडरवाल्यालाही ऐकवलं.

अशात फलटणच्या बाजूला एका सराफाचा खून झाला. दुकानाच्या काचेवरचा ठसा मशीनला दिला, तर पहिलं नाव आलं औंधकडच्या बाळूचं. विशीतला मजूर. जत्रेतल्या मारामारीत एकदा पकडला होता, तेव्हाचे त्याचे ठसे दप्तरी होते. साहेबांनी बाळूला उचललं, पत्रकारांना बोलावलं आणि मावशींपुढे अहवाल ठेवला.

मावशी बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. "ह्यो त्याचा न्हाई, साहेब."

"मशीन म्हणतंय त्याचाच आहे."

"मशीन सारखा हाय म्हणतंय. त्योच हाय असं न्हाई म्हणत."

"बाई, मला तुमची सही हवीय, मत नकोय."

"सही म्हंजे मतच की."

सही नितीननं केली. नितीन मावशींच्याच हाताखाली शिकलेला. त्याला बढती मिळाली. मावशींची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली, ती निवृत्तीपर्यंत. बाळू आत गेला, खटला वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला.

मावशी निवृत्त झाल्या त्या सुमारास नितीन पेढे घेऊन आला. पोलिसातली नोकरी सोडून तो पुण्यात, तसलीच मशीनं विकणाऱ्या कंपनीत चालला होता.

"मॅडम, तुम्ही तेव्हा सही केली असती तर आज..."

"आज मीबी मशीनं विकली असती."

मी हसलो. मावशी हसल्या नाहीत. तो गेल्यावर म्हणाल्या, "सही केली न्हाई म्हणून लय ताठ मानेनं फिरले रं मी. पर त्या दिवशी घरी येऊन जेवले, झोपले. पोरगं आत हाय त्ये हायच."

दुसऱ्या दिवशी त्या बाळूचा वकील शोधायला निघाल्या.

कोर्टात त्या बाळूच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सरकारी वकिलानं विचारलं, "मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?"

"मशीनला शपथ घ्याया लावा, मग बोलू."

नितीनलाही बोलावलं होतं. दोन्ही ठशांचे मोठे फोटो समोर आल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "खात्रीनं सांगता येणार नाही."

बाळू सुटला. खरा खुनी कोण, ते आजही कुणाला माहीत नाही.

सुटकेच्या दिवशी मी मावशींना गाडीनं तुरुंगाच्या फाटकाशी नेलं. दुसरं कुणीच आलं नव्हतं. बाळूची आई निकालाच्या थोडं आधीच वारल्याचं वकिलानं वाटेत फोनवर सांगितलं. बाळूला अजून ते माहीत नव्हतं. तो बाहेर आला, केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. मावशींनी भाकरी आणि खर्डा पुढे केला. "जेव."

"तुमी कोण?" त्यानं विचारलं. मावशींनी पाण्याची बाटली काढली. तोच म्हणाला, "आयनं धाडलं व्हय तुमास्नी?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "आयनंच."

तो तिथंच कट्ट्यावर बसून खाऊ लागला. मी मावशींना बाजूला घेतलं. "अहो, हे काय सांगितलंत? आता गावी गेल्यावर?"

"मी जाते की त्याच्यासंगं," त्या म्हणाल्या. "तवर घास तर उतरू दे." आणि बाटलीचं झाकण काढत त्या त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.