हिरवळीच्या चारशे वळकट्या

विल्फ्रेड ॲस्क्यूंनी मागच्या अंगणाचं माप घेतलं ते वडिलांच्या जुन्या, फुटांच्या टेपने. तीस गुणिले वीस, सहाशे. त्यातला एक तृतीयांश एनिडच्या गुलाबांचा. बायको गेली तरी तिच्या गुलाबांना हात लावायचा नाही, हे ठरलेलं. उरले दोन तृतीयांश, म्हणजे चारशे. गणित ताडून पाहिलं आणि स्वारी स्वतःवरच खूश झाली. कौतुक करायला घरात दुसरं होतंच कोण?

हिरवळ अंथरली की शेजाऱ्यांना चहाला बोलवायचं, असा बेत होता. चिखलात कुणाला बोलवणार? या इंग्लिश गल्लीत माणसं हवेपलीकडे बोलत नाहीत, आणि एनिड गेल्यापासून ॲस्क्यूंशी कुणी हवेचंही धड बोललं नव्हतं. एकटेपणाने बिचारे पार आंबून गेले होते. अंगणासाठी त्यांनी दोन खुर्च्या आणल्या होत्या. दुसरीवर अजून कुणी बसलं नव्हतं.

"चारशे? नक्की?" गवतवाल्या बाईने फोनवर विचारलं.

"नक्की. अपूर्णांकांत मी चुकत नाही," ॲस्क्यू म्हणाले.

शनिवारी सकाळी ट्रक आला आणि गवताच्या वळकट्या उतरतच राहिल्या.

"आजोबा, फुटबॉलचं मैदान काढताय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"एका वळकटीत किती येतं हो?"

"एक चौरस मीटर."

मीटर! ॲस्क्यूंचे चारशे होते चौरस फुटांचे. दहापटीहून जास्त माल! 'परत न्या' एवढंच म्हणायचं होतं. पण दुसऱ्याला त्रास द्यायचा म्हणजे इथल्या माणसाच्या जिवावर येतं. "छान आहे, आभारी आहे," ते म्हणाले. ट्रक निघून गेला आणि वळकट्यांच्या ढिगांनी गल्लीतली सगळी फाटकं अडली.

शेजारच्या पार्जिटरबाई सपाता घालूनच बाहेर आल्या. "ॲस्क्यू, माझी गाडी अडकलीय!"

"हवा बरी आहे आज," ॲस्क्यू सवयीने म्हणाले.

"हवा गेली खड्ड्यात! हे लावायचं कधी?"

"आजच. नाहीतर पिवळं पडेल."

"मग बघत काय बसलात? थोडं मला द्या. अहो नॉर्मन, ढकलगाडी काढा!"

समोरचा नॉर्मन आला, मग त्याच्या पलीकडचे आले, मग सगळी गल्लीच लोटली. "आमच्याकडे किती लागेल हो?" जो तो विचारू लागला. "लांबी गुणिले रुंदी, पण मीटरमध्ये मोजा!" ॲस्क्यू ओरडत होते आणि मधेच चहाची किटली घेऊन धावत होते. बोलून बोलून त्यांचा घसा बसला. किती दिवसांनी बसला होता!

संध्याकाळी गल्ली मोकळी झाली. ॲस्क्यू मागच्या अंगणात गेले, तर तिथे चिखल तसाच. 'आधी माझं' म्हणायला जीभ रेटली नव्हती आणि एक वळकटीही उरली नव्हती. ते मटकन खुर्चीत बसले.

कुंपणावरून पार्जिटरबाई डोकावल्या. "अगं बाई! तुमचं राहिलंच की!"

"आता तुम्हाला चहाला बोलवू कुठे?" ॲस्क्यूंच्या तोंडून निसटलं.

बाईंनी कुंपणावर कोपरं टेकली. "उद्या चारला तुम्हीच या. कोवळ्या गवतावर पाय ठेवायचा नाही हं, कडेला बसून बघू. आणि खुर्ची घेऊन या. माझ्याकडे एकच आहे."

"चार म्हणजे..." ॲस्क्यूंनी घसा खाकरला, "दुपारचे चारच ना?"