पिंपांपुढची आरती

मला चार माणसं आणि झांजांची एक जोडी द्या, मी त्यांना काहीही शिकवून दाखवतो. ही बढाई नव्हे. निदान बासष्ट सालच्या त्या गुरुवारपर्यंत नव्हती!

डहाणूतल्या एका मालमोटारींच्या गोदामात मी कारकून होतो. आमच्या लॉऱ्या तलासरी-उधव्याकडे पेट्रोलची पिंपं नेत. एक दिवस वरून हुकूम आला, पिंपं हाताळणाऱ्या हमालांना आगीपासून बचावाचं शिक्षण द्या. ठाण्याचे साहेब परीक्षा घेतील. नापास झाले तर पिंपांचं काम बंद. त्याच कामाला जास्तीची मजुरी होती, त्यामुळे हमालांची तोंडं उतरली.

मी नियम वाचायला घेतले. पहिल्याच पानावर शुक्रा घोरू लागला.

"भाऊ," मुकादम लाहू म्हणाला, "रामनवमीला तुम्ही कीर्तनाला उभे राहता ना, तवा हा कधी झोपत नाय."

बस्स! दुसऱ्या दिवशी मी खांद्यावर उपरणं टाकून गोदामात उभा. पूर्वरंगात पेट्रोलचा तापट स्वभाव सांगितला. उत्तररंगाला लंकादहन लावलं. रावणाच्या दारात वाळूची एक बादली असती, तर सोन्याची लंका जळती का? ध्रुपद माझंच :

ठिणगी दिसता वाळू आधी,
राव की रंक, पाहू मग कधी!

आठवडाभरात हमालांतली रूपी पिंपं लोटतानाही तेच गुणगुणू लागली.

परीक्षेच्या दिवशी दारातच सगळ्यांच्या काडेपेट्या जमा करून मी माझ्या खिशात टाकल्या. पास झाल्यावर वाटायला आमच्या मनोरमेने पेढ्यांचं ताट दिलं होतं. शेजारी निरांजनही ठेवलं होतं, देवभोळी बाई!

"कसं शिकवलंत, तेच करून दाखवा," साहेब म्हणाले.

साहेब कीर्तनातले दर्दी निघाले. लंकादहनाला त्यांनी अशी मान डोलावली की मी नोकरीत आहे हेच विसरलो. कीर्तन संपलं. आता आरतीशिवाय उठायचं कसं? एक हात आपोआप ताटाकडे गेला, दुसरा खिशात. तिथे काडेपेट्यांना काय तोटा! पिंपांपुढेच निरांजन पेटलं. साहेबांनीही डोळे मिटून, दोन्ही हात पुढे करून आरती घेण्यासाठी मान लववली.

"ठिणगी दिसता..." लाहूने सूर धरला.

पुढची ओळ वाळूसकटच आली. भिंतीलगतच्या पाची बादल्या! निरांजन विझलं, पेढे पुरले गेले, आणि साहेबांच्या कॉलरमधून वाळूची धार लागली.

शुक्राने हळूच विचारलं, "भाऊ, सूर चुकला काय आमचा?"

साहेबांनी तोंडातली वाळू थुंकली. "हे सगळे पास," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "आपण दोघं नापास."

सोमवारी आम्हा दोघांचं शिक्षण सुरू झालं. कीर्तनाला लाहू उभा, खांद्यावर माझंच उपरणं. दारात रूपीने हात पुढे केला.

"भाऊ, काडेपेटी."

मी खिसा रिकामा केला. मागून साहेबांनीही मुकाट्याने आपली काढून दिली.