दहा बोटांची चांदी

सासूबाईंचा फोन ठेवल्यावर झानारनं आधी आपल्या नखांकडे पाहिलं. गडद लाल, बदामाच्या आकाराची, प्रत्येकाच्या टोकाला एक खडा. मैत्रिणीच्या लग्नासाठी तिनं ती मुद्दाम चिकटवून घेतली होती आणि लग्नात बायकांनी तिचे हात हातात घेऊन त्यांचं कौतुक केलं होतं. आता तीच नखं तिनं मुठीत मिटून घेतली.

निरोप साधा होता. थोरल्या जावेच्या, रौशनच्या, तान्ह्या मुलीचा चाळिसाव्या दिवसाचा विधी दुपारी होता. बाळाला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घालायचं आणि त्याची पहिली नखं कापायची, हा मान घरात कायम आजेसासू उल्बोसिनचा. पण तिचं मनगट मुरगळलं होतं, आणि या वेळी चमचा धाकट्या सुनेच्या हाती द्या, असं तिनं स्वतः सांगितलं होतं. ज्या बाईच्या हातून ते पाणी पडतं तिचे गुण बाळाला लागतात, म्हणून हे काम कुणालाही देत नाहीत. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी चहा ओतण्यापलीकडे झानारवर त्या घरानं काही सोपवलं नव्हतं.

"आजी गावाहून बसनं येतायत. आधी तुझ्याकडे उतरतील," सासूबाई म्हणाल्या होत्या. मग जरा थांबून, "हात नीट ठेव बाई. त्या आधी हातच बघतात. नाही आवडले तर रौशनच्या बहिणीला बोलावतील."

नवरा दाउरेन आजीला आणायला बसस्थानकावर गेला आणि झानारनं अंगठ्याचं नख चिमट्यानं उचकटून पाहिलं. ते हललं, पण खालच्या खऱ्या नखाचा पापुद्रा घेऊन. डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिनं नखं बसवणाऱ्या गौहरला फोन लावला. गौहर परगावी लग्नाला गेली होती, आणि शनिवारी तराझ शहरातल्या दुसऱ्या कुठल्या पार्लरात जागा मिळेल ही आशा सोड, असं तिनं आधीच सांगून टाकलं. मग तिनं कृती सांगितली. लांबी कापून टाक, वरची चमक कानशीनं घासून काढ, कडेच्या कातडीला व्हॅसलीन लाव. कापसाचा बोळा अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेव आणि वरून स्वयंपाकघरातला चंदेरी कागद गुंडाळ. खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा, कारण ते पेट घेतं.

"आणि ओढायचं नाही," गौहर म्हणाली. "भिजवायचं आणि थांबायचं. थांबवत नसेल तर हातच लावू नकोस."

गॅसवर पाहुण्यांसाठी घोड्याचं मांस शिजत होतं. झानारनं ते अर्धकच्चं असतानाच गॅस बंद केला. खालच्या औषधाच्या दुकानातून अ‍ॅसिटोनची बाटली आणली, खिडकी उघडली. मार्चचा बोचरा वारा आत आला. डावा हात झटकन गुंडाळून झाला. उजवा गुंडाळताना मात्र डाव्या हाताची बोटं चमच्यांसारखी ताठ झालेली, तेव्हा कागद दातांत धरावा लागला.

शेवटची करंगळी बांधून होते न होते तोच फोन वाजला. चंदेरी बोटाला फोन दाद देईना. तिनं नाकानं उचलला. बस वेळेआधी आली होती. दाउरेन आणि आजी जिन्याशी पोचले होते.

तिनं एका बोटावरचं कागदाचं टोपण किंचित सरकवून पाहिलं. लाल नख कडेनं डिंकासारखं मऊ झालं होतं, पण सुटलं नव्हतं. ओढावं का? अंगठा अजून ठणकत होता. तिनं टोपण परत दाबलं आणि कोपरानं कडी काढली.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिनं उंबऱ्यातच झानारचे हात धरले, उजेडाकडे नेले, एकेक बोट चाचपलं.

"चांदी," आजी म्हणाली. "दहाही बोटांना."

दाउरेननं तोंड उघडलं. झानारनं त्याच्या पायावर पाय ठेवला.

आजी खुर्चीत बसली आणि बोलतच राहिली. चांदी नसलेल्या हातचं अन्न शुद्ध नसतं, हे ती आयुष्यभर सांगत आली होती आणि एकाही सुनेनं मनावर घेतलं नव्हतं. रौशनच्या बोटात तर प्लास्टिकचं काहीतरी असतं. ही धाकटी मुकाट्यानं अख्खी टोपणं घडवून बसली. मध्येच तिनं नाक वर करून, घराला रंग दिलात का, असं विचारलं. खिडकीला दिला, असं दाउरेन म्हणाला. विजेच्या किटलीवर केलेला चहा झानारनं चंदेरी बोटांनी वाटीत ओतला, आणि तो पिता पिता आजीनं आपल्या बटणांच्या फोनवरून सासूबाईंना, मग नणंदांना, मग नणंदांच्या शेजारणींना ती बातमी सांगितली.

शेवटचा फोन ठेवून ती म्हणाली, "बाळाच्या पाण्यात चांदी टाकायचीच असते. आज तुझी टाक. दहाच्या दहा."

झानारनं आपल्या बोटांकडे पाहिलं. अ‍ॅसिटोनमध्ये मुरलेले कागद, आणि तान्ह्या मुलीच्या अंगावरचं पाणी. गप्प राहिली तर मान मिळत होता. तिनं दाउरेनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"आजी, ही चांदी नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातला कागद आहे. आत खोटी नखं आहेत, ती काढतेय. रंगाचा वास नाही, तो याचाच."

आजीनं वाटी खाली ठेवली.

"हे तुला मी फोन करण्याआधी सांगता आलं नाही?"

"भीती वाटली."

"आता मला वाटतेय," आजी म्हणाली. "सगळ्या गोतावळ्याला सांगून बसले मी."

तिनं आपला हात पुढे केला. मधल्या बोटात चांदीची जाड अंगठी होती. बोट सुजून सुजून ती मांसात रुतली होती, आणि कित्येक वर्षांत निघाली नव्हती. ही पाण्यात टाक, दहा नाही तर एक तरी, असं तिचं म्हणणं पडलं, आणि ती स्वतःच अंगठी खेचू लागली.

"ओढायचं नाही, आजी," झानार म्हणाली. "भिजवायचं आणि थांबायचं."

मग दोघी समोरासमोर थांबल्या. आजीचं बोट साबणाच्या कोमट पाण्यात, झानारची बोटं कागदात. कागद उघडले तेव्हा लाल नखं लाकडी काडीनं अलगद सरकली. खाली तिची स्वतःची नखं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, फिकट निघाली. तिनं हात साबणानं दोनदा धुतले आणि नखांना तेल चोळलं. तेच तेल अंगठीखाली सोडलं, आणि अंगठी गोल फिरत बाहेर आली. झानारच्या बोटात ती इतकी सैल होती की वाटेत मूठ मिटून धरावी लागली.

सासूबाईंच्या घरी बोलावलेल्यांच्या दुप्पट बायका आल्या होत्या, कारण पाण्यातली चांदी नंतर जमलेल्या बायकांत वाटतात आणि आज टोपणं मिळणार, हे सगळ्यांना कळलं होतं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घंगाळात चांदीची काही नाणी टाकली. झानारनं अंगठी टाकली. बायका घंगाळाकडे वाकून बघत राहिल्या.

"बाकीची?" रौशननं विचारलं.

"घरी ठेवायला लावली मी," आजी म्हणाली. "दृष्ट लागते."

चाळीस चमचे झाले. बाळाची कागदासारखी नखं झानारनं एकेक करून कापली. वाटपाची वेळ आली तशा सगळ्या पुढे सरकल्या. आजीचा चेहरा उतरला. आता तिची अंगठीही वाटली जाणार होती; रीत तिचीच होती, मोडता येत नव्हती. रौशनचा हात पाण्यापर्यंत पोचला तेव्हा आजीनं घसा खाकरला आणि जाहीर केलं की पहिला हक्क नखं कापणारीचा. अशी रीत कुणी ऐकली नव्हती, पण रीती आजीच सांगायची. झानारनं अंगठी उचलून बोटात घातली. बाकीच्यांनी नाणी घेतली.

परतताना गाडीत आजीनं मोकळं बोट चोळत हात पुढे केला. "दे आता."

झानारनं अंगठीकडे पाहिलं. गाडी खड्ड्यातून गेली तशी ती बोटात गरकन फिरली.

"अडकलीय, आजी."

आजीनं हात मागे घेतला.

"ओढू नकोस मग," ती म्हणाली. "माझ्या सासूनं ही परत मागितली, तेव्हा मीही अडकलीय असंच सांगितलं होतं."