चहानंतर आजारी पडणारा लॅपटॉप

बायकोला मदत करायची, असं मी एका मंगळवारी ठरवलं. आमच्या संसारात हा विचार मला याआधी एकदाच शिवला होता, आणि त्या वेळी आमचं धुराडं पडलं होतं.

ग्लेनिस, म्हणजे माझी बायको, वय अडुसष्ट. एक गुडघा नवा, एक जुना. दुपारी गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावते आणि संध्याकाळी दिवाणखान्यात बसून माणसं मारते. म्हणजे गेममध्ये. (खऱ्यातला मी एकटाच, आणि मलाही ती एकदम मारत नाही, पुरवून पुरवून मारते.) मुलीनं नाताळला तिला गेमिंगचा लॅपटॉप दिला, तेव्हापासून हे सुरू. पाच जणींची टीम, देशभर विखुरलेली, त्यात आमची म्हातारी नेमबाज! शनिवारी त्यांची सेमीफायनल होती, आणि समोर न्यूझीलंड. आता शेजारच्या न्यूझीलंडकडून हरणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

नेमका त्याच आठवड्यात लॅपटॉप आजारी पडला. चित्र गचके खायचं. ग्लेनिसचा सैनिक पाय मुरगळलेल्या मेंढ्यासारखा लंगडायचा. मग पडद्यावर पाटी यायची : ग्राफिक्स कार्ड सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? तासाभरापूर्वी तर होतं!" ग्लेनिस ओरडली.

"सोफ्याखाली बघू का?" मी.

तिनं चष्मा खाली केला. "नेव्ह, ही तुझी खोडी नाही ना?"

आता माझं नाव गावात जरा बदनाम आहे. माझ्या दोस्ताच्या, मर्व्हच्या डब्यात रबरी पाल, पाद्रीबाबांच्या खुर्चीखाली भोंगा, असली किरकोळ समाजसेवा मी करत असतो. पण या वेळी मी धुतल्या तांदळासारखा होतो, हो! कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. (कुत्रा उठून गेला.)

"हे बघ," ती म्हणाली, "शनिवारपर्यंत हा सुधारला नाही, तर माझ्या जागी होबार्टची एक शाळकरी पोरगी खेळणार. आणि तुझी खोडी निघाली, तर तू झोपणार मागच्या अंगणात, त्या चाकांवरच्या कॅरॅव्हॅनमध्ये."

कॅरॅव्हॅनमध्ये विषारी कोळी आहेत. लॅपटॉप बगलेत मारून मी सकाळीच शेड गाठली.

आमच्या गावात, पोर्ट ह्यूजला, रिटायर्ड बाप्यांची एक शेड आहे. बायकांनी घरातून हाकललेले पुरुष तिथे जमतात आणि चांगल्या वस्तू दुरुस्त करतात. मर्व्हनं जन्मभर फ्रीज सुधारले, त्यामुळे त्याच्या मते जगातला प्रत्येक आजार उष्णतेचा. क्लॅरीनं गव्हाची कापणीयंत्रं सुधारली, त्यामुळे त्याच्या मते प्रत्येक आजार भुशाचा. मी सहावीत शाळा सोडून मेंढ्या भादरल्या, त्यामुळे माझ्या मते केसांचा. आम्ही लॅपटॉपचं पोट उघडून कॉम्प्रेसरनं हवा मारली. केस निघाले! आणखी जरा फुंकलं असतं तर आमचा अख्खा कुत्रा निघाला असता.

मग वायर भिंतीत खोचून गेम लावला. दुपारपर्यंत लोण्यासारखा चालला. मी विजयी मुद्रेनं घरी.

संध्याकाळी ग्लेनिस खेळायला बसली. झकास. मधे चहाला उठली. (सेमीफायनलचा सराव लांबतो, म्हणून ही मधली सुट्टी याच आठवड्यापासून.) ती उठली की मी माझी नेहमीची फेरी मारतो. नळ घट्ट, दिवे बंद, भिंतीवरची बटणं बंद. आमच्या बापाच्या शेतावर जनरेटर होता. बटण चालू राहिलं की वीज भिंतीतून गळते, असं तो म्हणायचा. (सकाळी व्हॅक्यूम फिरवताना ग्लेनिस सगळी बटणं परत चालू करते आणि तशीच सोडते. पण तिला कोण शिकवणार?) असो. चहा झाला, ती परत बसली, आणि सैनिक पुन्हा लंगडा!

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ठणठणीत. घरी चहानंतर लंगडा. तिसऱ्या दिवशीही तेच.

"माझ्या मेहुण्याचं असंच होतं," क्लॅरी म्हणाला. "आमच्याकडे धडधाकट. घरी कुंपण दुरुस्त करायचं म्हटलं की कंबर धरायचा."

"थांब रे," मर्व्ह म्हणाला. "नेमका चहानंतर? मग वाफ! चहाची वाफ आत शिरते. उष्णता, उष्णता, मी पहिल्यापासून बोंबलतोय!"

तेव्हा शनिवारचा बंदोबस्त असा : लॅपटॉपखाली बर्फानं भरलेली पेटी. उजवीकडे मर्व्ह, हातात थंड हवेवर लावलेला केसांचा ड्रायर. डावीकडे क्लॅरी, हातात शेगडीचा भाता. चहा स्वयंपाकघरात, दार लावून. ग्लेनिसच्या कानावर हेडफोन, डोळ्यांत रक्त.

पहिला डाव आपण जिंकला. मध्यंतर झालं. सगळे दार लावून चहा आणि केक हाणायला गेले. मी फेरी मारून मागाहून पोचलो.

दुसऱ्या डावात सैनिक लंगडला. न्यूझीलंडवाल्या त्याला येऊन मारायच्या, तोवर हा वळायचाच नाही. दुसरा डाव गेला. तिसरा, शेवटचा, सुरू झाला.

"ग्लेन, झोपलीस का?" हेडफोनमधून कप्तानबाईंचा आवाज आम्हाला ऐकू आला. "होबार्टच्या पोरीला बोलावू?"

"बर्फ वाढव!" मर्व्ह ओरडला.

"हात भरून आले माझे!" क्लॅरी.

"वायरिंगमध्ये तर काही नाही ना?" ग्लेनिस रडकुंडीला आली होती. "भिंतीतून करंट जास्त येत असेल..."

इथं मला माझा उपयोग दिसला. "छे छे," मी छाती काढून म्हणालो, "करंटची काळजीच नको. भिंतीवरचं बटण मी बंद केलंय."

ड्रायर थांबला. भाता थांबला.

"कधी?" ग्लेनिसनं विचारलं, फार हळू.

"नेहमीसारखंच. तू चहाला उठलीस तेव्हा."

मर्व्हनं सोफा एका धक्क्यात सरकवला. ग्लेनिस नव्या गुडघ्यावर वाकली आणि तिनं मागच्या भिंतीवरचं बटण दाबलं. टक्! लॅपटॉपचा पंखा कापणीयंत्रासारखा घुमायला लागला. भिंतीची वीज नसली की बॅटरी वाचवायला हा ग्राफिक्स कार्डच झोपवतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. चार दिवस बॅटरीच्या उष्ट्यावर जगलेला तो सैनिक असा काही धावला, की समोरच्या तिघीजणी पाठ वळवायच्या आत आडव्या! सामना आपला! क्लॅरीनं मर्व्हचा मुका घेतला. (दोघंही आता नाही म्हणतात.)

मग सगळे माझ्याकडे वळले.

"ग्लेन, ही खोडी नव्हती गं," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "खोडीला थोडी अक्कल लागते."

कॅरॅव्हॅन टळली. पण घरातल्या प्रत्येक बटणावर आता चिकटपट्टी आहे. माझ्या खुर्चीशेजारी तेवढं एक बटण मोकळं आहे. शेडमधल्या त्या दोघांनी फळीवर ठोकून माझ्यासाठी खास बनवलंय. त्याला वायर नाही, काही नाही. रोज चहानंतर मी ते बंद करतो. आणि रोज सकाळी बघावं, तर परत चालू! या घरात कुणाला शिस्त म्हणून नाही.