तीन विषयांची केळी

सोमवारी सकाळी निरंजन सरांनी प्रयोगशाळेमागच्या खोलीचं दार उघडलं आणि आतून केळ्यांचा असा दणदणीत वास आला की त्यांनी दार परत लावून घेतलं. आपल्याला भास झाला असेल अशी आशा धरून पुन्हा उघडलं. भास नव्हता. शुक्रवारी हिरवेगार असलेले घड पिवळेधमक होऊन अंगावर काळे ठिपके मिरवत होते आणि निम्मी केळी देठ सोडून फरशीवर उतरली होती. त्यात आजच विद्यापीठाची समिती येणार होती.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या निरंजन सरांनी बऱ्हाणपूरच्या लालबाग भागातल्या एका कॉलेजात हट्टाने एक नवी पद्धत आणली होती. मुलांनी गावातला एखादा खरा प्रश्न घ्यायचा आणि सगळ्या विषयांचे तास त्या प्रश्नाला जोडायचे. वर्गात शिकलेलं प्रोजेक्टात वापरायचं, प्रोजेक्टात अडलेलं वर्गात विचारायचं. समितीला हा जोड दिसला तर पद्धत टिकणार, नाहीतर पुन्हा नोट्स उतरवून घेणं सुरू. सरांनी स्वतः सगळं शिक्षण नोट्स उतरवण्यात घालवलं होतं. ते मुलांच्या नशिबी येऊ नये असं त्यांना मनापासून वाटे.

हिमानीच्या गटाने प्रश्नही झकास निवडला होता. थंडीत वखारीतली केळी सारखी का पिकत नाहीत, एक फणी पिवळी आणि दुसरी हिरवी का राहते? बऱ्हाणपुरात याहून खरा प्रश्न शोधूनही मिळाला नसता. तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी स्टाफरूममध्ये माना डोलावल्या, चहा घेतला आणि जो तो आपल्या वाटेने गेला.

मग संख्याशास्त्राच्या प्रतिभा मॅडमनी हिमानीला गाठलं. "बेटा, दोन-चार केळ्यांवर काही सिद्ध होत नसतं. सॅम्पल मोठं आण." भौतिकशास्त्राचे भूपेंद्र सर म्हणाले, "खोली भरल्याशिवाय तापमानाचं काय कळणार?" निरंजन सरांनीही आपल्या प्रयोगापुरते वेगळे घड मागितले. हिमानीने तिन्ही निरोप इमानाने घरी पोचवले. तिचे वडील दगाभाऊ केळीचे बागाईतदार, आणि मान राखण्याच्या बाबतीत भारी कडक.

"मास्तरले सुट्या केया देतात का कोनी?" ते म्हणाले. "घडच्या घड ने. आन् तिघायले सारखे दे. एकाले कमी गेले त तो तुले नंबर कमी देईन."

अशा रीतीने शुक्रवारी खोली छतापर्यंत भरली. निरंजन सरांनी नीट हिशोब करून केळी पिकवणाऱ्या इथिलीन गॅसच्या पुड्या ठेवल्या. त्यांच्या मागून प्रतिभा मॅडम आल्या. आपल्या घडांचं कोणी काही केलेलं नसणार असं समजून त्यांनीही तेवढ्याच पुड्या ठेवल्या. शेवटी भूपेंद्र सर आले. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी फटींना चिकटपट्टी लावली आणि समाधानाने घरी गेले. कोणी कोणाला साधा फोनही केला नाही.

"आता काय करायचं?" निरंजन सरांनी हताश होऊन विचारलं.

"खाऊन टाकू ना सर," हिमानीच्या गटातला निलेश म्हणाला. "सबूतच नाही राहणार."

दोन वर्ग कामाला लागले. पण माणूस केळी खाऊन खाऊन किती खाणार? उरलेली प्राचार्यांच्या हुकमावरून लायब्ररीच्या कपाटांत लपवण्यात आली. वासाला मात्र कपाटात बसवता येईना. समितीचे अध्यक्ष यादव सर गेटपासूनच नाक वर करून चालत होते. लायब्ररीत त्यांनी सहज एक कपाट उघडलं, तर संदर्भग्रंथांच्या जागी केळ्यांच्या फण्या.

"हे काय आहे, भई?"

"माझ्या पुड्या मापात होत्या," निरंजन सर घाईने म्हणाले.

"माझ्यापण मापातच होत्या," प्रतिभा मॅडम म्हणाल्या. "फटी कोणी बंद केल्या ते विचारा."

"फटी उघड्या ठेवून कुठे प्रयोग होतो?" भूपेंद्र सर उखडले.

तिघांचं चांगलंच जुंपलं. निरंजन सरांच्या डोळ्यांपुढे नोट्सच्या वह्या नाचू लागल्या. तेवढ्यात हिमानीने खडू उचलला आणि कोपऱ्यातल्या फळ्यापाशी गेली.

"सर, अलग-अलग नका बघू. जोडून बघा ना," ती म्हणाली. "पुड्या दुप्पट झाल्या, ही केमिस्ट्री. पिकताना केळं स्वतः गरम होतं, आणि फटी बंद, तर गरमी आतच राहिली, हे फिजिक्स. आणि दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, म्हणून नेमकं कशामुळे झालं ते आकड्यांवरून कळणार नाही, हे स्टॅट्स."

"कळेल की," प्रतिभा मॅडम भांडण विसरून पुढे झाल्या. "कोणता घड कुठे होता ते मांड."

"मधले घड जास्त पिकलेत," भूपेंद्र सरांनी दुसरा खडू घेतला. "कडेचे कमी. म्हणजे भिंतीतून गरमी जात होती."

"मग वखारीतला फरक गॅसमुळे की थंड भिंतीमुळे?" निरंजन सरांनी विचारलं आणि मग त्यांनाही राहवलं नाही. फळा भरला. मुलं बाकांवर चढून वाद घालू लागली. यादव सर एका बाकावर बसून केळं सोलत ऐकत राहिले. जेवायचं बोलावणं आलं तरी ते उठले नाहीत.

शेवटी त्यांनी विचारलं, "अशी एकत्र क्लास कधीपासून घेता?"

प्राचार्यांनी मागून डोळ्यांनी खूण केली, वर्षभर म्हणा. निरंजन सरांना ती कळली. पण मुलांसमोर खोटं बोलवेना.

"आजपासून, सर. आम्ही तिघं एका फळ्यासमोर पहिल्यांदाच उभे आहोत. तेही ही केळी पिकली म्हणून."

यादव सरांनी साल बाजूला ठेवली. "सगळी कॉलेजं जोड फाईलमध्ये दाखवतात," ते म्हणाले. "डोळ्यांना दिसला तो इथेच. चालू ठेवा. फक्त हफ्त्यातून एकदा तिघांनी सोबत बसायचं, हे टाईमटेबलमध्ये टाका."

निरंजन सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या दिवशी पोट भरलेलं असूनही आणखी एक केळं खाल्लं.

पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्याच दिवशी त्यांनी हिमानीला उत्साहाने विचारलं, "मग, नवा प्रश्न कोणता?"

"निवडला ना सर. प्रोजेक्ट एक असलं तरी टीचर लोक एकमेकांना काही सांगत का नाहीत?"

"वा! याला गाईड मीच होणार."

हिमानी जरा अवघडली. "तुम्हाला गाईड नाही होता येणार, सर," ती हळूच म्हणाली. "तुम्ही सॅम्पलमध्ये आहात."