सुभेदारांनी ठेवलेली चूक

अर्जात एक तरी चूक असल्याशिवाय सुभेदार पवार तो गावाबाहेर जाऊ देत नसत. ही चूक ते स्वतः करत. चष्मा लावून, नीट विचार करून.

मी मूळचा मलकापूरचा. नव्वदीच्या सुरुवातीला ग्रामसेवक झालो आणि पहिलंच गाव मिळालं ते कुंडलच्या पलीकडचं. हजर झालो त्याच दिवशी सुभेदार निर्धूर चुलींचा अर्ज घेऊन माझ्या सहीला आले. फौजेतून निवृत्त, कणा ताठ, बगलेत रेक्झिनची बॅग. अर्जात लाभार्थ्यांची नावं होती अठरा आणि खाली लिहिलं होतं, एकूण सतरा.

"सुभेदार, बेरीज चुकलीय."

"चुकली न्हाई. चुकवलीया."

मला काही कळेना. त्यांनी समजावून सांगितलं, तेव्हा तर आणखीच कळेना.

"आवं भाऊसाब, तालुक्याचा सायेब कागूद कशाला हातात घेतो? चूक काढायला. ती घावली का त्येचा जीव भांड्यात पडतो. लाल शाईनं गोल करतो. आपण म्हणायचं, लय बारीक नजर हाय सायेब. तितंच दुरुस्ती, तितंच सही. न्हाई घावली तर कागूद ठिवूनच घेतो. सायबाला काम ठिवावं!"

गावाला खरं तर रस्ता हवा होता. मग चुली कशाला, असं मी विचारलं. "औंदा निधी चुलीला हाय. मग आपली गरजबी चूलच," सुभेदार म्हणाले. मी मान हलवली. नवीन माणसानं दुसरं काय करायचं?

पण पदवी ताजी होती, अंगात खुमखुमी होती. स्मशानभूमीच्या शेडचा अर्ज मी त्यांच्या नकळत अगदी शुद्ध करून पाठवला. साहेबांनी तो तीनदा वाचला, संशयानं उलटून पाहिला आणि 'बघतो' म्हणून खणात टाकला. चार महिने तो तिथंच. शेवटी सुभेदारांनी नवा अर्ज केला आणि स्मशानशेडचा लाभार्थी म्हणून स्वतःचं नाव घातलं. साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी सही केली. त्या दिवसापासून मी सुभेदारांचा चेला झालो.

मग आलं मळ्याच्या वस्तीवरच्या अंगणवाडीचं प्रकरण. सुभेदारांचं घरही याच वस्तीवर. गावातली अंगणवाडी तिथून लांब. त्यामुळं बायका पोरांना उसाच्या बांधावर निजवून तण भांगलायला जायच्या. सुभेदारांनी या कामाचा ध्यासच घेतला. वर्षभर घरोघर फिरून त्यांनी पोरं मोजली. "भाऊसाब, ह्ये झालंच पायजे," एवढंच म्हणायचे.

यादी माझ्याकडं आली तेव्हा मी सवयीनं आधी चूक शोधली. ती सापडली शेवटच्या ओळीत. ओंकार पवार, वय अडीच. हा सुभेदारांचा नातू. राहायला पुण्यात. बापाच्या नावापुढं तर स्वच्छ लिहिलं होतं, 'कंपनीत नोकरी, पुणे'. मुलगा जत्रेला यायचा, तोही दोन वर्षं एकटाच. ओंकारला वगळूनही पोरांचा आकडा पुरत होता. म्हणजे निव्वळ साहेबांसाठी ठेवलेली चूक! मी मनातल्या मनात गुरूला नमस्कार केला.

साहेबांनाही ती लगेच दिसली. "सुभेदार, पुण्याचं पोर वस्तीवर कसं?" म्हणत त्यांनी खुशीत ओंकारच्या नावावर लाल रेघ मारली आणि मंजुरीची सही ठोकली. सुभेदार रेक्झिनच्या बॅगेची चेन लावू लागले. शेवटी 'बारीक नजर' मीच म्हणून टाकलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी खूश होऊन म्हणालो, "सुभेदार, काय चूक ठेवलीत!"

"ती न्हवं," ते म्हणाले. "ठिवल्याली चूक दुसऱ्या पानावर हाय. गावापास्नं वस्तीचं अंतर शून्य लिवलंय. ती सायबाला दिसलीच न्हाई."

"मग ओंकार?"

"सूनबाई म्हणली व्हती, वस्तीवर बालवाडी सुदीक न्हाई, पोराला कशापायी आणू? म्हणलं, करतो की."

मी कप खाली ठेवला. ज्या रेघेवर मी खूश झालो होतो, ती म्हाताऱ्याच्या काळजावरून गेली होती. मी घाईघाईनं सांगितलं, "अहो, पोर कधीही येऊ दे. अंगणवाडीच्या बाई रजिस्टरात नाव लिहितील. त्याला अर्ज लागत नाही."

"अर्ज लागत न्हाई?"

"नाही."

"नुसतं यायचं?"

"नुसतं यायचं. तुम्ही मुलाला तसं पत्र टाका."

त्यांनी बशी बाजूला सारली. मग खिशातून घडी घातलेला कोरा कागद काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. अख्ख्या गावाचे अर्ज लिहिणारा हा माणूस मला म्हणाला, "तुमीच लिवा."

"काय लिहू?"

"या म्हणावं समदी. चार दिस ऱ्हावा." पेनचं टोपण काढून त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी लिहायला वाकलो, तसं त्यांनी हळूच विचारलं, "पर भाऊसाब, कारण काय दावायचं?"